घराचं ऊन, घराची सावली

आमच्या चिखलोलीत हल्ली दोन बायका जिन्यात भेटल्या की भाजीच्या भावाआधी घराची दिशा निघते. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधलं हे गाव. इथे रेल्वेचं स्थानक होणार असं जाहीर झालं आणि बघता बघता शेताच्या बांधांवर सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या. डोंबिवली-मुलुंडकडच्या भाड्याच्या खोल्या सोडून मंडळी इथे आली, ती वीस-वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊनच. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर! हौस तर असतेच, पण हौसेच्या मागोमाग धास्तीही येते. “तुमचा दरवाजा कुठल्या तोंडाचा हो?” “आमच्या बेडरूममध्ये म्हणे यिन फार झालंय!” असले प्रश्न त्या धास्तीतून येतात. मग कुणाच्या दारात पितळी नळ्यांची किणकिण लागते, कुणाच्या टीव्हीवर ढेरपोट्या हसरा बुद्ध येऊन बसतो, तर कुणाच्या उंबऱ्याशी तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक.

मैत्रिणींनो, या वस्तूंची मी टिंगल करणार नाही. हौसेनं आणलेली वस्तू घराला शोभा देतेच. पण यिन आणि यांग हे दोन शब्द आपण रोज वापरू लागलो आहोत, तर त्यांचा अर्थ तरी नीट माहीत असावा, नाही का? कारण हा अर्थ कळला की पुष्कळशी भीती आपोआप कमी होते आणि पैसेही वाचतात.

सातवीच्या मुलांना भूगोल शिकवताना मी फळ्यावर एक डोंगर काढते. त्याची एक बाजू उन्हाची, दुसरी सावलीची. यिन-यांगचा मूळ अर्थ अगदी एवढाच आहे! यिन म्हणजे डोंगराची सावलीतली बाजू आणि यांग म्हणजे उन्हातली बाजू. चीनमध्ये कित्येक गावांची नावंसुद्धा यावरून पडली. लोयांग हे तिथलं जुनं राजधानीचं शहर. लो नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे दक्षिणेचं ऊन घेणाऱ्या काठावर वसलेलं, म्हणून ते लो-यांग. पुढे विचारवंतांनी या जोडीत रात्र-दिवस, थंड-उष्ण, विश्रांती-हालचाल, स्त्री-पुरुष अशा अनेक जोड्या बसवल्या. पण मुळात गोष्ट आहे ती ऊन-सावलीची.

आता आपल्या गच्चीवरून मलंगगडाच्या बाजूची डोंगररांग पाहा. सकाळी तिचा आपल्याकडचा उतार उन्हात लख्ख असतो. तोच उतार संध्याकाळी काळासावळा होतो. मग तो उतार यिन की यांग? सकाळी यांग, संध्याकाळी यिन. कुठलीही जागा जन्मभर यिन किंवा जन्मभर यांग नसते. त्या प्रसिद्ध गोल चित्रात काळ्या भागात एक पांढरा ठिपका असतो आणि पांढऱ्यात एक काळा, तो याच कारणासाठी. एकाच्या पोटात दुसरं असतंच. तेव्हा “तुमच्या घरात यिन आहे” असं कुणी घाबऱ्या आवाजात सांगू लागलं, तर खुशाल म्हणावं, “असणारच! घराला सावली नको का?”

हा काळ्यातला पांढरा ठिपका पाहायला चीनला जायची गरज नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरात जा. शके ९८२ म्हणजे सन १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारांचं मंदिर. बाहेर भिंतीभर शिल्पं आणि लख्ख ऊन. सभामंडपात आलं की उजेड मंदावतो. तिथून वीसेक पायऱ्या खाली उतरलं की गाभारा. एप्रिलच्या दुपारीसुद्धा तिथे गार वाटतं. आणि वरचं शिखर पूर्ण नसल्यामुळे त्या काळोखात वरून उजेड उतरतो. बांधणाऱ्यांच्या मनात यिन-यांग असण्याचं काही कारण नव्हतं, पण ऊन-सावलीची जाण त्यांना पुरेपूर होती. योगायोग असा, की त्याच शतकात चीनमध्ये झोऊ दुनयी (१०१७–१०७३) हे विचारवंत यिन-यांगच्या आकृतीवरचं आपलं प्रसिद्ध विवेचन लिहीत होते.

जोडीची कल्पना आपल्यालाही परकी नाही. घारापुरीच्या लेण्यांत अर्धनारीश्वराची केवढी मोठी मूर्ती आहे! मात्र एक गंमत ध्यानात घ्या. चिनी विचारात यिन म्हणजे स्त्री, ती शांत, स्थिर, स्वीकारणारी आणि यांग म्हणजे पुरुष, तो हालचाल करणारा. आपल्या सांख्यदर्शनात नेमकं उलटं आहे. तिथे पुरुष नुसता साक्षी, पाहत बसणारा. सगळी घडामोड करते ती प्रकृती. रविवारी दुपारी कुठल्याही घरात डोकावून पाहावं. सांख्यांचं निरीक्षण अधिक बारीक होतं असं आपलं मला वाटतं!

असो. आता मुद्दा दिशांचा, कारण सगळ्यात जास्त घबराट तिथेच असते.

आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा. दक्षिणेला दार असलेला फ्लॅट म्हटला की सासूबाई नाक मुरडतात. परंपरागत चिनी घर मात्र दक्षिणेकडे तोंड करून बसतं. बीजिंगचा राजवाडा १४२० मध्ये पुरा झाला, तोही दक्षिणाभिमुख. एकच दिशा एका देशात अशुभ आणि दुसऱ्या देशात उत्तम, हे कसं? याचं उत्तर हवामानात आहे. बीजिंगला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर येतो आणि उत्तरेकडून सायबेरियाचा बोचरा वारा सुटतो. तिथे उत्तरेला पाठ करून दक्षिणेचं ऊन घरात घ्यायचं, हे शहाणपण झालं. त्याचा पुढे शास्त्रार्थ झाला.

आपल्या चिखलोलीत काय होतं? डिसेंबरात दुपारचा सूर्य ४७ अंशांच्या आसपास असतो, तोही दक्षिणेला. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून थंडीत छान ऊन आत येतं. मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला दुपारचं ऊन फारसं लागत नाही. थंडीत ऊन आणि उन्हाळ्यात सावली! अशा खिडकीला यमाची म्हणून बंद का ठेवावं? हां, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आणि झड दक्षिणेच्या नि पश्चिमेच्या भिंतीवरच येते, तेव्हा छज्जा चांगला रुंद हवा, हे खरं. आणि उन्हाळ्यात खरा त्रास देते ती पश्चिमेची भिंत. दुपारी दोनपासून तापत जाते आणि रात्री झोपायच्या वेळी ती सगळी धग आत सोडते.

फेंगशुई या शब्दाचा अर्थही वारा आणि पाणी असा आहे. घराची किंवा थडग्याची जागा कुठे असावी, वारा कुठे अडेल, पाणी कुठून येईल, हे पाहण्याची ती विद्या. आपल्या उल्हास नदीच्या खोऱ्यात हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या माणसांना आठवतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवासी होड्यांतून बाहेर काढावे लागले. तेव्हा घर घेताना कुणी होकायंत्र काढलं तर काढू द्या, पण तुम्ही शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारा, “त्या दोन्ही वर्षी पाणी कुठवर आलं होतं?” माझ्या मते वारा-पाणी शास्त्रातला पहिला प्रश्न हाच.

इथे आमच्या सोसायटीतली एक हकीगत सांगते. नावं सांगत नाही, कारण अशी घरं तुमच्याही शेजारी असतील.

नव्या सूनबाई घरात आल्या. वर्षभरात बाळ झालं. पावसाळ्यात बाळाला खोकला सुरू झाला. औषधानं थांबायचा, पंधरा दिवसांत पुन्हा यायचा. सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, पण रात्र रात्र जागून माणूस काय काय बोलतं! “ही आल्यापासून घराला काहीतरी लागलंय,” असं एकदा त्या बोलून गेल्या. मग कुणीतरी एक सल्लागार आणले. त्यांनी होकायंत्र फिरवलं आणि सांगितलं, की सुनेच्या खोलीत यिन फार साचलंय. स्त्रीतत्त्व जड झालंय, ते उतरवायला हवं. लाल दिवा, बदकांची जोडी, नळ्यांची झुंबरं अशी यादी झाली. खर्च घराच्या एका महिन्याच्या हप्त्याएवढा. पैशांपेक्षा मला लागलं ते दुसरंच. त्या दिवसापासून ती पोर स्वतःच्याच खोलीत चोरासारखी वावरू लागली. बाळाला घेताना बिचकायची. शब्द चिनी असला तरी बोट पुन्हा घरातल्या बाईकडेच वळलं होतं.

शेवटी बाळाच्या डॉक्टरीणबाईंनीच विचारलं, “खोलीत ओल आहे का हो?” लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेलं होतं. चौघांनी मिळून सरकवलं. मागे हातभर रुंद, पुरुषभर उंच काळी बुरशी! बाहेरच्या गिलाव्याला बारीक भेग होती. प्रत्येक झडीत पाणी भिंतीत मुरत होतं आणि कपाटामागे वारा असा नव्हताच. बाळाला आठ दिवस हॉलमध्ये निजवलं, भेग बुजवून घेतली, बुरशी धुऊन काढली, कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं. खोकला उतरला तो डॉक्टरीणबाईंच्या औषधानं, पण वरचेवर उलटणं मात्र थांबलं. खोलीत सावली आणि पाणी जास्त झालं होतं हे काही खोटं नव्हतं. त्याला यिन म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. पण ते सुनेच्या पायगुणानं आलं नव्हतं, गिलाव्याच्या भेगेतून आलं होतं.

खरं म्हणजे हा समतोल आपल्या हाताला आधीपासून ठाऊक आहे. पपई उष्ण, ताक थंड, हे तुम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलं का? संक्रांतीच्या गारठ्यात आपण तीळगूळ करतो आणि चैत्रात कैरीचं पन्हं. तिखट आमटी झाली की शेजारी दही येतं. थंड म्हणजे वाईट आणि उष्ण म्हणजे चांगलं असं आपण कधीच म्हणत नाही. ऋतू कोणता, खाणारं कोण, एवढं पाहतो. घराचंही तसंच करायचं. आपल्या जुन्या घरांत ओसरी उजेडाची आणि माजघर अंधारं असे. ओसरीवर माणसांची ये-जा, माजघरात दुपारची गार विश्रांती. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ओसरी आणि माजघर आपल्यालाच मांडावं लागतं. त्यासाठी बिनखर्चाचे किंवा अगदी थोड्या खर्चाचे हे काही उपाय.

पहिलं म्हणजे घराची पाहणी. एखाद्या रविवारी सकाळी आठला, बाराला आणि चारला घरभर फिरा. ऊन फरशीवर कुठवर येतं तिथे खडूनं खूण करा. कुठल्या खोलीत दिवसभरात एकदाही ऊन येत नाही ते कळेल. हीच पाहणी डिसेंबरात आणि मेमध्ये केली तर दोन्हींतला फरक पाहून नवल वाटेल.

दुसरं, वाऱ्याची परीक्षा. खोलीच्या मधोमध उदबत्ती लावा आणि समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. धूर एका बाजूनं निघून जात असेल तर वारा खेळतोय. धूर तिथेच घोटाळत राहिला तर कुठेतरी अडथळा आहे. बहुतेक वेळा तो खिडकीसमोरच्या कपाटाचा किंवा जाड पडद्याचा असतो.

तिसरं, ओल. पावसाळ्यात कपाटं, पलंग बाहेरच्या भिंतीपासून निदान चार बोटं लांब ठेवा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. कपड्यांतलं सगळं पाणी त्याच हवेत उतरतं. गॅलरीत जागा नसेल तर हॉलमध्ये पंख्याखाली, खिडकी उघडी ठेवून वाळवा. स्वयंपाक करताना आणि आंघोळीनंतर वाफ बाहेर जाऊ द्या. बुरशी दिसली तर नाकाला फडकं बांधून, साबणाच्या पाण्यानं धुऊन भिंत कोरडी करा. ओल्या बुरशीवर रंग मारू नका, ती पुन्हा वर येते. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर तिच्यात अॅसिड किंवा संडास धुण्याचं औषध चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि पाऊस सरला की ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या, गोधड्या, उशा गच्चीवर टाकायला विसरू नका. त्या उन्हासारखं औषध नाही.

चौथं, पश्चिमेची खिडकी. ऊन काचेतून आत आलं की धगही आत आली. मग आतला पडदा थोडीच मदत करतो. सावली बाहेरच्या बाजूनं हवी. बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, नाहीतर गॅलरीत कुंड्यांतून वर चढवलेला वेल. एप्रिल-मेमध्ये साडेदहा-अकराला खिडक्या लावून घ्या आणि संध्याकाळी बाहेर गारवा आला की सताड उघडा.

पाचवं, आरसा. पलंगासमोर आरसा नको, असं फेंगशुईवाले सांगतात. रात्री अर्धवट झोपेत स्वतःलाच पाहून दचकायला होत असेल तर खुशाल हलवा, त्याला पैसे पडत नाहीत. पण तोच आरसा अंधाऱ्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलात, तर खोलीतला उजेड चांगलाच वाढतो. मुलांच्या अभ्यासाला पांढरा लख्ख दिवा हवा, झोपायच्या खोलीत मात्र रात्री मंद पिवळा पुरे. आणि मोबाइल उशाशी घेऊन झोपणं म्हणजे माजघरात बाजार भरवण्यासारखं आहे.

आता शेवटचं, आणि माझ्या मनातलं. यिनच्या खात्यात सावली आहे, गारवा आहे, तशीच विश्रांतीही आहे. घराचा यिन-यांग तपासताना एक पाहणी आणखी करा. ह्यांची आरामखुर्ची ठरलेली असते. मुलांचं टेबल ठरलेलं असतं. सासऱ्यांचा वर्तमानपत्राचा कोपराही ठरलेला असतो. तुमची विसाव्याची जागा कुठली? पहाटे पाचला डबे करायला उठायचं, नोकरी असेल तर लोकल गाठायची, परत येऊन पुन्हा ओट्याशी उभं राहायचं. सगळं यांगच! आणि वर आपल्यालाच यिनचा दोष द्यायचा, हा कुठला न्याय? घरात ऊन-सावलीचा समतोल हवा तसा कामाचा नि विसाव्याचाही हवा. एक खुर्ची, खिडकीजवळचा एखादा कोपरा, दुपारचा अर्धा तास, एवढं तरी स्वतःच्या नावावर करून घ्या. घरातल्यांना तसं स्पष्ट सांगा. त्या अर्ध्या तासात चहाची हाक आली तर, “आज तुम्ही टाका, माझ्यापुरताही टाका,” असं हसून सांगायला हरकत नाही.

तर मैत्रिणींनो, हातात खडू आणि उदबत्ती घ्या नि येत्या रविवारी घरभर फिरा. कपाटांच्या मागे डोकावायला विसरू नका. नव्या सुनेला नाहीतर लेकीलाही बरोबर घ्या. घर कसं पाहायचं ते तिलाही कळेल. आणि पाहणीत काय काय सापडलं ते मला जरूर कळवा.